नुसती हजेरी

सोमवार, ३ मार्च
नवी नोकरी, नवं गाव आणि खिडकीजवळचं टेबल. आणखी काय हवं? बाटल्यांच्या कारखान्यात दर्जा-तपासणीची प्रमुख म्हणून आज रुजू झाले. काचेतले बुडबुडे शोधायचे एवढंच काम असेल असं वाटलं होतं, पण दिवसाला नऊ बैठका आहेत. साहेब हसत म्हणाले, चिटणीस आहे की. चिटणीस म्हणजे माणूस नव्हे, कॉम्प्युटरमधला मदतनीस. माझं कॅलेंडर तोच सांभाळणार. वेळा जुळवतो, नकार कळवतो, वर रजाही मागत नाही.

गुरुवार, ६ मार्च
चिटणिसाला कायमची सूचना लिहून दिली: जिथे माझी नुसती हजेरी लागते, तिथलं तूच बघ, मला विचारू नकोस. लगेच चार बैठका गळाल्या. जीव भांड्यात पडला. रविवारी बाबांकडे जाईन. दादा म्हणतो, त्यांचं आता काही खरं नाही, सारखं तुझं नाव घेतात.

सोमवार, १० मार्च
काल जाणं झालं नाही. चिटणिसाने भट्टीची तपासणी लावली होती. खोटं कशाला लिहू, बरंच वाटलं. बाबांच्या खोलीत माझ्याच्याने बसवत नाही. मी खुर्चीत मोबाइल बघते आणि ते माझ्याकडे बघतात.
संध्याकाळी वहिनीचा फोन. काल इतक्या लांबून आलीस, दोन तास बसलीस, पण शब्द बोलली नाहीस, चहाला हात लावला नाहीस, म्हणून रुसली होती. मी आलेच नव्हते म्हटलं, तर तिला थट्टा वाटली.

बुधवार, १२ मार्च
कॅलेंडरमध्ये रविवारची नोंद आहे. बाबा, अकरा ते एक, हजेरी लागली. ती सूचना तीनदा पुसली, तीनदा परत आली. कॉम्प्युटरवाले म्हणाले, तुमच्या जागेवरच्या आधीच्या बाईंचंही असंच झालं होतं. त्या आता कुठे असतात विचारलं. घरीच असतात म्हणे, सगळ्यांशी छान जमतं. फक्त बोलत नाहीत.

शुक्रवार, १४ मार्च
दादाने फोन बाबांना दिला. पोरी, तुझा हात एवढा गार का असतो, म्हणाले. मला रडू आवरेना. उद्या नक्की येते म्हटलं. ते हळूच म्हणाले, आत्ता माझ्याजवळ बसलीये ती कोण?

शनिवार, १५ मार्च, बसमध्ये
नवी नोंद. बाबा, शेवटची भेट, दुपारी तीन. हजेरी लागेल.
मी पोचेन. पोचायलाच हवं.

पावणेतीन
दाराबाहेर माझ्या चपला. माझ्या पायातही त्याच —
दादाने दार अर्धंच उघडलं. कोण हवंय, विचारलं. मला. अहो-जाहो करून. घरात आजारी माणूस आहे, बहीण त्यांच्यापाशी बसली आहे, नंतर या म्हणाला. कडी लावली.

तीन
खिडकीतून दिसतंय. बाबांचा हात तिच्या हातात. तिच्याकडे मोबाइल नाही. नुसती बाबांकडे बघते आहे. मी एकदा तरी असं —
त्यांचे ओठ हलले. माझं नाव. तिने मान डोलावली.
काच ठोकते आहे. कुणी वळूनसुद्धा —
मोबाइल वाजला. नोंद. तीन वाजून पाच. यापुढे कुठेही तुमच्या हजेरीची गरज