गोदूच्या हळदीबाबत माझे शेवटचे लेखी म्हणणे

मी, सुधीर गजानन चौबळ, वय ७४, निवृत्त मुख्य लिपिक, राहणार ब्राह्मण आळी, भिवंडी, आज सोमवार दि. १० नोव्हेंबर २०२५ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. छाती ठिकाणावर नाही, आणि परवा बुधवारी डॉक्टर ती उघडणार आहेत. आपल्यावर कोणाचा दाब नाही असे या जागी लिहिण्याची पद्धत आहे. मी तसे लिहिणार नाही. माझा मुलगा मिहिर सकाळपासून तीनदा दार वाजवून गेला आहे, आणि त्याला ज्या कागदावर सही हवी आहे तो माझ्या डाव्या हाताखाली दाबून ठेवला आहे.

कलम १. राहते घर आणि बँकेत जे काही असेल ते पत्नी सौ. विद्युल्लता हिचे. पुढे त्याचे काय करायचे ते तिने ठरवावे. मी आयुष्यभर मधे बोललो तेवढे पुरे झाले.

कलम २. माझी गिटार मिहिरला. त्याला ती वाजवता येत नाही, पण फोटोत धरायला आवडते.
गल्लीतले श्री. भूपेश हे गेली चाळीस वर्षे सांगत आले आहेत की ‘त्या’ गाण्यात बुलबुलतरंग त्यांनी वाजवला. गाण्यात बुलबुलतरंग नाही. ते रेकॉर्डिंगच्या दिवशी वायरची गुंडाळी घेऊन आले होते आणि वडापाव खाऊन गेले. हे आता लेखी झाले.

कलम ३. ‘खाडीला भरती’ या गाण्याविषयी.
या गाण्याच्या कॅसेटवर ‘गीत व संगीत : सुधीर चौबळ’ असे छापले आहे. ते खोटे आहे. गाणे अंजूरच्या धवलारीण कै. गुणाबाई यांचे. लग्नात हळदीला धवले गाऊन विधी चालवतात त्या धवलारणी; ब्राह्मणाइतकाच त्यांचा मान. ठेका पूर्णा गावच्या कोंडू गायकवाडचा. कोंडू कापडाचे लूम दुरुस्त करायचा, त्यामुळे धोट्याची खटकखट त्याच्या अंगात भिनलेली. माझे त्यात चार गिटारचे सूर आणि भरपूर बडबड.

१९८२ च्या फेब्रुवारीत, एका शुक्रवारी लूम बंद असताना, कोंडूच्या शेठच्या कारखान्यात आम्ही गुणाबाईंना बसवले आणि टेप लावला. त्या सुरू करीनात. म्हणाल्या, “नवरी कोन?”
मी म्हटले, “नवरी नाही, गुणाबाई. नुसतं गाणं हवंय. कुठलंही नाव घाला.”
“कुठलाही कसा? बिननावाची हलद आंगाला लागत न्हाय. आनि खोट्या नावाची मी गात न्हाय.”
मग त्यांनी शेजारच्या मुलीचे नाव घेतले. तिची हळद त्याच रविवारी होती.

खाडीला भरती, भरती गं,
गोदूला हलद चढती गं.

ते ऐकून याची कॅसेट काढायचीच असे मी ठरवले. मुंबईला रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी कोंडू मला म्हणाला, “सुधीर, ते नाव काढ. खऱ्या पोरीचं हाय, तिचं लगीन झालंय.” मी म्हणालो, “अरे, जगात गोदू काय एकच आहे?” नाव चालीत इतके चपखल बसले होते की दुसरे शोधायचा मला आळस आला. धवल्यातले नाव त्या मांडवापुरते असते, पुढच्या मांडवात पुढच्या नवरीचे येते, एवढे साधे मला कळले नाही. आम्ही ते नाव कायमचे गोठवले. कॅसेट निघाली तेव्हा गुणाबाईंना मी एक लुगडे आणि पेढ्यांचा पुडा देऊन आलो आणि स्वतःला उदार समजलो.

कलम ४. माझा खरा गुन्हा.
वरचा आळस एक वेळ माफ होईल. हे होणार नाही.

गाणे रिक्षांत वाजले, गणपतीत वाजले, कॉलेजच्या गॅदरिंगला वाजले. १९८४ साली एका साप्ताहिकाच्या मुलाखतीत मला विचारले, “ही गोदू कोण?” मी हसलो आणि म्हणालो, “काही नावं सांगायची नसतात.” फोटोसह छापून आले. तोवर मी गोदूला एकदाही पाहिले नव्हते. कोणीतरी आपल्यावर भाळले होते असे लोकांना वाटावे, एवढीच हौस.

गोदू पूर्णा गावात दिलेली होती. तो अंक तिच्या सासरी पोहोचला. कोंडू माझ्याकडे धावत आला. “नळावर बाया तिला गाणं म्हणून दाखवतात. नवरा रोज विचारतो, तो भिवंडीवाला कोण? एक पत्र टाक रे, की मी हिला ओळखत न्हाय.”
मी म्हणालो, टाकतो. टाकले नाही. आधी आळस, मग लाज. वर्षभरात तिला माहेरी आणून सोडले, ती अंजूरलाच राहिली. कोंडूने त्यानंतर माझ्याबरोबर कधी वाजवले नाही. २००९ साली तो गेला. मी त्याच्या घरी गेलो, पण आत जाण्याची हिंमत झाली नाही.

म्हणून मी शपथेवर लिहितो : १९८२ पूर्वी किंवा नंतर, गोदूबाई हिरू तरे यांच्याशी माझी ओळख, भेट, पत्रव्यवहार, काहीही नव्हते. काल प्रथम भेट झाली.

विद्युल्लतेला मी हे लग्नानंतर महिन्याभरात सांगितले होते. ती म्हणाली, “मला काय सांगता? बाहेर सांगा.” त्याला एकोणचाळीस वर्षे झाली.

कलम ५. घाई कशाची.
मुंबईच्या एका कंपनीला हे गाणे नव्याने काढायचे आहे, ‘खरी प्रेमकहाणी’ म्हणून. मिहिर परवा उड्या मारत आला. “बाबा, ती गोदू आहे अजून! मी शोधून काढली. येत्या शनिवारी कॅमेरा अंजूरला जातोय, थेट तिच्या दारात. तुम्ही फक्त सही करा.”
मी नाही म्हणालो. तो म्हणाला, “ऑपरेशनचं टेन्शन आहे तुम्हाला. नंतर बोलू.”
नंतर म्हणजे कधी? बुधवारी माझे बरेवाईट झाले तर गाण्याच्या वारसांत तोही. शनिवारी तो सही करील आणि कॅमेरा त्या दारात उभा राहील. तो वाईट मुलगा नाही. लहानपणी त्यानेही मला विचारले होते गोदू कोण, आणि मी त्यालाही तसेच हसून दाखवले. मला आज भीती वाटते ती मरणाची कमी आणि शनिवारची जास्त.

कलम ६. गाण्याची व्यवस्था.
या कलमाचा पहिला मसुदा असा होता की गाण्याचे सर्व हक्क गोदूबाईंना द्यावेत. तो घेऊन मी काल अंजूरला गेलो. सोबत कोंडूची मुलगी, ॲड. धम्मदिना. गोदूबाईंनी दार उघडले, मला वरपासून खालपर्यंत पाहिले.
“चौबल ना तू? बस.”
मी माफी मागितली. त्यांनी धम्मदिनाच्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवले. धम्मदिनाने मसुदा वाचून दाखवला.
“गाना मना देतस? मी त्याचा काय करू? चालीस वरसां तोच ऐकतंय.”
“मग काय हवं, मावशी?” धम्मदिनाने विचारले.
“ह्या खाली दोन रेघा कनाला हायेत?”
“साक्षीदारांच्या सह्यांना.”
“तिथं मी सही करतंय.”
धम्मदिनाने समजावले की साक्षीदारालाच मृत्युपत्रातून काही मिळाले तर कोर्टात साक्षीवर संशय घेतात; सही करायची तर गाणे सोडावे लागेल.
“जाव दे. माज्यावर सगल्या गावानी साक्ष दिली. मना कोनी इचारला न्हाय. आता मी साक्ष देतंय.”

सबब गाण्याचे सर्व हक्क ॲड. धम्मदिना कोंडू गायकवाड यांना. त्याच या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक. अटी तीन. गुणाबाई आणि कोंडू यांची नावे छापावीत, माझे काढावे. नावाची जागा मोकळी ठेवावी; ज्या नवरीची हळद तिचे नाव तिथे गावे. कोणत्याही धवलारणीने हे गाणे कोणाला न विचारता गावे.
मिहिरने यावर कोर्टात जाऊ नये. गेलाच तर कलम ४ तिथे मोठ्याने वाचले जाईल, आणि ते मला चालेल.

दुपारी चार वाजता, साक्षीला डॉ. कर्णिक येऊन बसल्यावर, बेल वाजली. मिहिरने दार उघडले. “कोण हवंय?” त्याने विचारले.
“मी गोदू. सही कराला आलंय.”
मिहिर बाजूला झाला. पाणी आणून दिले, आणि भिंतीला टेकून उभा राहिला. त्याचा फोन दोनदा वाजला; त्याने उचलला नाही. कंपनीचा कागद मी सही न करता त्याच्या हाती परत दिला. त्याने तो घेतला.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली.

सुधीर गजानन चौबळ
भिवंडी, दि. १० नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १ : डॉ. वरद कर्णिक, भिवंडी. लिहून देणार शुद्धीवर आहेत.

साक्षीदार २ : गोदूबाई हिरू तरे, वय ६२, निवृत्त अंगणवाडी सेविका, रा. अंजूर. वाचले. खरे आहे.