शेळीचं नववं कडवं

१४ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
माझ्या हातचं, कुणाकडे न शिकता:
बँडची गाडी एक (जुन्या टमटमचा सांगाडा, कर्णे सहा). ताशे चार, कातड्याऐवजी एक्स-रेची फिल्म ताणलेली. शेळी-भोंगा एक: सायकलच्या हॉर्नचा रबरी फुगा, क्लॅरिनेटची पत्ती, दीड इंची पाइप. आणि गाणं एक: ‘शेळीनं खाल्ली लग्नपत्रिका, आता जायाचं कुण्या गावाला?’ शब्द माझे, चाल माझी. कडवी नऊ.

यादी करायचं कारण: हे गाणं काल यूट्यूबवर दिसलं. गायक बंकट. अकरा वर्षं माझ्याच गाडीवर उभा राहून गायला. उन्हाळ्यात ‘घरी काम हाय, अप्पा’ म्हणून गेलता. काम हे होतं तर. चार लाख लोकांनी ऐकलंय. खाली लिहिलंय: पारंपरिक लोकगीत.

पारंपरिक म्हणजे ज्याचा कर्ता सापडत नाही ते. मी घाटनांदूरला स्टँडसमोर रोज सापडतो.

निश्चय: चिडायचं नाही.

त्याच दिवशी, ११.००
ताशे आता तीन.

१६ नोव्हेंबर
पुरावा पक्का आहे. संतमंडळी शेवटच्या ओळीत नाव गुंफायची, तसं मी नवव्या कडव्यात गुंफलंय: ‘रेवणप्पा म्हणे घाटनांदूरचा, पत्रिका छापा पत्र्यावर.’ याच्यापुढं कागद, सही, शिक्का सगळं फिकं. बंकटनं तीनच कडवी गायलीत. म्हणजे मुद्दाम.

शिवगंगानं भाकरी थापता थापता विचारलं, वरातीत नववं कडवं कुणी कधी ऐकलंय का? वरात मांडवापाशी पोचली की तुमचं गाणं बंद, अन् पोचते चौथ्यातच. बायकोला संगीतातलं कळत नाही. एकदा पूर्ण झालंय. नांदूरघाटला (आमचं घाटनांदूर वेगळं), नवरदेवाची जीप पंक्चर झाली तेव्हा.

निश्चय: साक्षीदार गाठायचा.

१९ नोव्हेंबर
नांदूरघाटला जाऊन आलो. पंक्चरवाला सोमनाथ भेटला. स्मरणशक्ती दांडगी. मागचं डावं चाक, बाभळीचा काटा, नवरदेवाचा मामा शिव्या देत होता, सगळं सांगितलं. गाण्याचं विचारलं तर म्हणाला, कोणतरी लई वेळ वरडत होतं बघा.

निरुपयोगी माणूस.

२१ नोव्हेंबर
नवा मुद्दा सापडला. बंकटच्या गाण्यातली शेळी खोटी. माझी शेळी ध्रुपदानंतर दोनदा ओरडते, दुसऱ्यांदा थोडी लांबवून. त्याची तीनदा. शिवाय मला ती मेंढी वाटते. तज्ज्ञ म्हणून मेंढरं राखणाऱ्या सटवाला मोबाइल कानाला लावून दिला. त्यानं डोळे मिटून चार वेळा ऐकलं. म्हणाला, अप्पा, शेळी न्हाई, मेंढीबी न्हाई. ह्यो बंकट सोताच वरडतोय. अन् हसत सुटला. वर म्हणतो, पर झ्याक वरडतोय बघा!

माणसं ओळखण्यात मी चुकतो, हे आज कळलं.

२४ नोव्हेंबर
माजलगावची वरात. पोरांनी गाडी अडवली: शेळीचं वाजवा! हीच संधी. मी स्वतः माइक घेतला आणि थेट नवव्या कडव्यापासून सुरू केलं. नाव आधी कानावर पडू दे. ‘रेवणप्पा म्हणे’ झालं नाही तोच एक जण ओरडला, काका, कायबी जोडू नका, ओरिजनल वाजवा! दुसरा म्हणाला, येत नसंल तर ऱ्हाऊ द्या. मी सांगितलं, ओरिजनल मीच आहे. नवरीकडच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मग पोरांनी मोबाइलची पिन माझ्या गाडीला लावली. माझ्या सहा कर्ण्यांतून बंकट गायला. नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला.

कर्ण्यांचा आवाज मात्र स्वच्छ आला. जोडणी माझी.

२७ नोव्हेंबर, दुपारी
तक्रार लिहायला बसलो. लेक कावेरी, तिचं अक्षर चांगलं म्हणून तिला सांगत होतो: विश्वासघात, अकरा वर्षं, पोटच्या पोरासारखा वगैरे. दीड पान झालं. मग तिनं पेन थांबवून विचारलं, अप्पा, बंकटदादानं तुमाला न विचारताच केलं ना? तसं लिहू?

मी म्हटलं, लिही.

शिवगंगा आतून म्हणाली, लिही की. अन् त्यो आलता, दोन तास उंबऱ्यात बसलता, चहा मी दिलता, तेबी लिही.

पान फाडलं. वही माझीच आहे, इथं लिहून ठेवायला हरकत नाही.

आलता. एप्रिलमध्ये. पडद्यावर सुरुवातीलाच, मोठ्या अक्षरांत, गीत-संगीत रेवणप्पा. शेळी-भोंगाही माझाच वाजणार. फक्त कडवी तीन ठेवू, अप्पा, हात जोडतो, असं म्हणाला. मी म्हटलं, नऊ म्हणजे नऊ, नाहीतर ऊठ.

पंचवीस हजार. रोख आणले होते.