बटणांवरची ड्युटी

३ मार्च
अखेर देशाला जाग आली! परदेशी बटणांवर चाळीस टक्के ड्युटी. कारखानदार संघाचा अर्ज मीच लिहिला होता. पळवाट नको म्हणून ‘बटणे व बटणांसाठी लागणाऱ्या सर्व वस्तू’ असं ठणकावून घातलं. सौ. म्हणाली, अहो, पण आपण विकतो कुणाला? म्हटलं, राष्ट्राला. राष्ट्र म्हणजे सध्या तिचा भाऊ. शर्ट शिवून शेजारच्या देशात पाठवतो. आपली दहातली नऊ बटणं त्याच्याच शर्टांवर.

५ मार्च, सकाळी
दर पस्तीस टक्क्यांनी वाढवले. उरलेले पाच टक्के देशप्रेम.

९ मार्च
मेव्हण्याचा फोन. भाऊजी, तिकडचं गिऱ्हाईक एक पैसा वाढवून देत नाही, म्हणाला. म्हटलं, मग बिनबटणाचे शर्ट पाठव. फार छान सुचलं. मिस्त्रींना दोनदा ऐकवलं. हसले नाहीत. बावीस वर्षं माझ्याकडे आहेत, पण विनोदाचं अंगच नाही.

१७ मार्च
ज्या प्लॅस्टिक शीटमधून बटणं कापतो, ती कस्टमने अडवली. शीट आपल्याकडे बनतच नाही, सगळी बाहेरून येते. चाळीस टक्के भरा म्हणाले. हे कुठल्या शहाण्याने लिहिलंय, विचारलं. साहेबाने माझाच अर्ज पुढे सरकवला. ‘सर्व’खाली लाल रेघ. भाषा मात्र खणखणीत उतरली आहे.

१८ मार्च
संकल्प: शीटवरच्या ड्युटीमाफीचा अर्ज उद्याच.

२६ मार्च
संघात माझं अभिनंदन. टाळ्या. आता चेनवाल्याला आणि धागेवाल्यालाही ड्युटी हवी आहे. त्यांचे अर्ज घेतलेत लिहायला. माफीचा राहिला.

११ एप्रिल
शेजारच्या देशाने उलट आपल्या शर्टांवर ड्युटी बसवली. कोत्या मनाची माणसं! मेव्हणा मशिनं उचलून सरहद्दीपलीकडे चालला. म्हटलं, खुशाल जा. पंधरा दिवसांत शेपूट घालून परत येशील.

२६ एप्रिल
पंधरा दिवस झाले. कामात अडकला असेल.

२ मे
मिस्त्री मेव्हण्याकडे निघाले. रजा मागताहेत समजून मी आठ दिवस मंजूरही केले होते. जाताना त्यांचे डोळे भरले. माझेही. पॉलिशची पावडर फार उडते. मशीन तीन आठवडे बंद आहे, तरी उडते.

१९ मे
बटणांच्या बाजारात आता मी एकटा. सकाळपासून एक फोन नाही. इतका धाक!

३० मे
सौ.ला भावाने कटिंग विभाग सांभाळायला बोलावलंय. तुमच्यासाठीही जागा आहे, म्हणाली. आलेली बटणं तपासून घ्यायची. परदेशी बटणं! म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे, विचार करून सांगतो. करा, म्हणाली, मी परवा निघते.

१ जून, पहाटे साडेपाच
सौ.ला सोडायला सरहद्दीपर्यंत जातोय. तेवढंच. माझ्याही दोन बॅगा भरल्यात, हवेचा भरवसा नाही. कारखान्याची किल्ली शेजाऱ्याला दिली. परत कधी, त्याने विचारलं.
म्हटलं, ड्युटी उठली की.