वरच्या घाटावरची पौर्णिमा

उंबरमळी, ता. खेड
६ मे १९५७

ती. दादास,
द्रुपदाचा जयभीम.

इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरं म्हणजे मी वैतागले आहे आणि त्यात तुझा वाटा मोठा आहे.

तू मुंबईहून पाठवलेलं पुडकं काल पोचलं. साठ पत्रकं! दादा, आपल्या वस्तीत वाचता येणारी माणसं सात. त्यातली एक मी, आणि दोघं पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात पाळीवर. उरलेली पत्रकं शालनबाईनं घडी घालून चुलीपाशी ठेवली आहेत. कशाला ते विचारायची माझी हिंमत नाही. मी पत्रकं मागितलीच नव्हती. मी लिहिलं होतं, तू ये. तुला बोलता येतं, लोक तुझं ऐकतात. त्यावर तू कळवतोस की चाळीच्या कमिटीत काम फार आहे आणि ‘तू तिथे आहेसच.’ हो, आहेच मी. जाणार कुठे?

यंदाची बुद्धपौर्णिमा वरच्या घाटावर करायची, हे मात्र पक्कं झालं आहे. दीक्षा घेतल्यानंतरची ही आपली पहिली पौर्णिमा. खालच्या डोहावर ती करायला कुणीच तयार नाही. तुला डोह आठवत असेल. वर गावाची गुरं धुतात, त्याखाली कातडी भिजतात, आणि त्याच्याही खाली आपलं पाणी. गेल्या साली ज्योतीराम आणि शालनबाईची मुक्ता तिथेच भोवऱ्यात गेली. सात वर्षांची होती, माझ्याच वर्गात. वरच्या घाटाला पायऱ्या आहेत, खाली वाळू आहे, पाणी कमरेच्या वर जात नाही. पोर तिथे असती तर आज असती. हे वस्तीत कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण ठरलं ते त्यामुळेच.

ठरलं म्हणजे काय, तीन संध्याकाळी नुसता गोंधळ. बकरं नाही म्हटल्यावर दत्तोबा रुसला. म्हणाला, मग हलगी कुणासाठी वाजवू? बायकांना पांढरी लुगडी नेसा म्हणून सांगितलं, तर शालनबाई उसळली, “म्या न्हाई नेसायची पांढरं. माझा नवरा जित्ता हाय.” आणि गोजाआत्याची तर तऱ्हाच वेगळी. बावीस प्रतिज्ञा तिला मी तीन वेळा वाचून दाखवल्या. ती मान डोलावते, “व्हय, व्हय” म्हणते, आणि सकाळी उठून नदीला हळदकुंकू वाहून येते. विचारलं तर म्हणते, “नदी काय देव हाय व्हय? नदी बाई हाय. बाईला कुक्कू लावलं तर काय बिघडलं?” आई-बाबा गेल्यावर हिनंच आपल्याला वाढवलं, म्हणून गप्प बसते. नाहीतर एवढी वर्षं शिकून मी कुणाला एक गोष्ट पटवू शकत नाही, हे उघड झालं असतं.

पाटलांकडच्या नानासाहेबांच्या कानावर गेलंच आहे. अजून काही बोलले नाहीत. शाळा कमिटीचे अध्यक्ष तेच, आणि मी अजून नोकरीत कायम नाही, हे तुला ठाऊक आहे. मला काळजी नाही. सहज लिहिलं.

ये. पत्रकं पाठवू नकोस.

द्रुपदा


उंबरमळी
१६ मे १९५७

ती. दादास,

पौर्णिमा झाली. तू आला नाहीस. तुझी तार आली, ‘हार्दिक शुभेच्छा’, तीही सगळं आटोपल्यावर. तारवाला चाकणहून उन्हातून सायकल मारत आला. मला वाटलं कुणी गेलं की काय. आत्या तर रडायलाच बसली. तार अशी कारणाशिवाय करू नये एवढं तरी मुंबईत राहून कळायला हवं.

तुला हकीकत हवी असेल. घाटावर थोडी अडवाअडवी झाली. मग लोक पाण्यात उतरले. वरून कुणीतरी दगड मारला, ज्योतीरामच्या भुवईला पाच टाके पडले. फौजदार आले, झाडाखाली उभे राहिले, मानेवरचा घाम पुसला, कागदावर काहीबाही लिहिलं. त्यांच्यादेखत मग अडवायला कुणी पुढे झालं नाही.

त्यानंतर दादा, दुपार कलेपर्यंत कुणी पाण्याबाहेर आलं नाही. दत्तोबा कमरेइतक्या पाण्यात उभा राहून, हलगी डोक्यावर धरून वाजवत होता. बकऱ्याचा राग कुठल्या कुठे गेला होता. शालनबाई बसली होती पायरीवर, गळ्याइतक्या पाण्यात, डोळे मिटून. बराच वेळ. तिला कुणी हाक मारली नाही. पोरांना बाहेर काढायला भाकरी-ठेचा दाखवावा लागला, तरी निम्मी पोरं पाण्यातच उभी राहून जेवली. एक म्हातारा मध्यावर जाऊन मागे वळून बघत राहिला आणि म्हणाला, “आपलं गाव हिकडनं असं दिसतंय व्हय!” साठ वर्षांचा माणूस, जन्म या गावात गेला, आणि नदीतून गाव कसं दिसतं हे त्याला परवा कळलं. काठावरून मला हे सगळं नीट दिसत होतं.

आता त्याचं फळ. गिरणीचा पट्टा तुटला आहे. आपलं दळण दिसलं की तुटतो, आपण वळलो की जोडला जातो. बायका पुन्हा जात्यावर बसल्या आहेत. वाणी मीठ संपलं म्हणतो. दोघांची शेतावरची कामं गेली. कारखान्यात जाणाऱ्यांना फरक पडत नाही, म्हणून ते शूरपणाच्या गोष्टी सांगतात, आणि घरात बायका दळतात.

पुण्याच्या एका वर्तमानपत्राचा माणूस आला होता, पांढरी टोपी घालून. मला नाव विचारलं. मी घाईत होते.

मी कुठे होते, काय करत होते, असं तू विचारशील. होते तिथेच. बोटं दुखायला लागली, पुरे करते.

द्रुपदा


उंबरमळी
२६ मे १९५७

दादा,

तुझं पत्र आणि वर्तमानपत्राचं कात्रण मिळालं. ‘तरुण शिक्षिका कु. द्रुपदा भिमाजी यांच्या नेतृत्वाखाली’. तू ते तांबड्या शाईनं अधोरेखित केलंस. चाळीत सगळ्यांना वाचून दाखवलंस. येत्या रविवारी कमिटी माझा सत्कार करणार, शाल देणार, मी दहा मिनिटं बोलायचं. ‘बाबा असते तर त्यांची छाती भरून आली असती’ असंही लिहिलंस.

बाबांना यात आणलं नसतंस तर बरं झालं असतं. मी कदाचित आजारी आहे असं कळवून मोकळी झाले असते.

आता नीट वाच, आणि हे चाळीत वाचून दाखव.

त्या सकाळी आम्ही चाळीसेक जण निघालो. मी पुढे होते, हे खरं. हातात तुझी पत्रकं होती, अस्पृश्यताबंदीच्या कायद्याचं कलम त्यावर होतं म्हणून. घाटाच्या वरच्या पायरीवर नानासाहेब आणि त्यांची सहा-सात माणसं बसलेली. मला वाटलं होतं ते ओरडतील, शिव्या देतील. त्याची तयारी मी आठ दिवस करत होते. ते उठून उभे राहिले. म्हणाले, “या बाई. बसा. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुमच्याशीच बोलायचं होतं.”

दादा, त्या घरातल्या माणसानं मला ‘तुम्ही’ म्हटलं. दोन वर्षं त्यांच्या नातवंडांना शिकवते आहे, पण त्यांच्या वाड्यावर हजेरीपट घेऊन गेले की अंगणातून ‘काय गं’ असंच ऐकलं आहे. सगळ्यांच्या देखत ते मला ‘तुम्ही’ म्हणाले.

मग म्हणाले, “कायदा आम्हालाही कळतो. पण माणसं तापलेली आहेत, आज उगाच कुणाचं डोकं फुटेल. तुम्ही जबाबदार आहात. यंदा खाली करा, पुढच्या वर्षी मी स्वतः तुम्हाला इथे घेऊन येतो. आणि हो, बोर्डाचे साहेब आमरसाला यायचे आहेत आमच्याकडे. तुमच्या कायमपणाचं बोलून ठेवतो.”

लोकांना वाटेल मी नोकरीला भ्याले. नोकरीला भ्याले असते तर निदान ते समजण्यासारखं होतं. मला बरं वाटलं, दादा. त्या ‘तुम्ही’नं बरं वाटलं. आपण शहाण्या आहोत, दोन्ही बाजूंचं जिला कळतं अशी एकटीच इथे आहोत, असं वाटलं. मी वळले आणि आपल्या माणसांना म्हटलं, “आज खालच्या डोहावरच जाऊ.”

कुणाला? तर ज्योतीराम आणि शालनबाई माझ्यापासून चार हातांवर उभे होते, त्यांनाही. डोहावर जाऊ म्हणाले मी.

ज्योतीरामनं डोक्यावरचं भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. मागचे लोक वळायलाही लागले होते. तेवढ्यात आत्या पुढे आली. मला म्हणाली, “तुला जायचं तर जा बाय. ह्या पायऱ्यांची दगडं म्या वाहिल्याती. आठ वर्साची व्हते. येठबिगारीत. घाट झाला तवापासनं हिथं पाय ठिवला न्हाई.” आणि नानासाहेबांना म्हणाली, “सर बाबा वाईच.” ते खरंच सरकले. मला वाटतं त्यांनाही कळलं नसेल ते का सरकले.

ती एकेक पायरी उतरून गेली. गुडघे दुखतात तिचे, हात टेकत टेकत उतरली. शेवटच्या पायरीवर बसली, पाण्यात पाय सोडले आणि वर बघून म्हणाली, “गार हाय गं.” तिच्यामागून शालनबाई गेली. मग ज्योतीराम. मग दगड आला.

आणि मी काय केलं? मी म्हटलं, फौजदारांना बोलावून आणते. दत्तोबाचा भाऊ त्याआधीच सायकलवर बसून गेला होता, हे मी पाहिलं होतं. मी चाकणच्या रस्त्यापर्यंत गेले आणि आंब्याच्या झाडाखाली बसून राहिले. फौजदारांची गाडी समोरून गेली तेव्हा उठले आणि गाडीमागून चालत आले, जणू मीच घेऊन आले. त्या दिवशी मी पाण्यात उतरलेच नाही. तुझी पत्रकं हातातच होती, घामानं भिजलेली.

वर्तमानपत्रवाल्यानं विचारलं, पुढारी कोण, तर ज्योतीरामनं डोक्याला फडकं बांधलेल्या अवस्थेत माझ्याकडे बोट दाखवलं, “ह्या आमच्या बाई.” मला वाटलं त्याला दगड लागल्यामुळे आठवत नसेल. मी नाव सांगितलं. चुकीचं छापू नये म्हणून दोनदा सांगितलं.

तुझं कात्रण आलं त्या दिवशी मी शालनबाईकडे गेले. ती दळत होती. मी समोर बसले आणि म्हटलं, “शालनबाई, मी तुम्हाला माघारी फिरवत होते.” तिनं जातं थांबवलंसुद्धा नाही. म्हणाली, “ठावं हाय की. आमी तिथंच व्हतो.”

“मग पेपरवाल्याला सांगितलं का नाही?”

“तुमास्नी काढून टाकलं तर पोरं कुनाकडं शिकायची? बाईचं नाव पेपरात आलं तर सायेब लोक हात लावताना इचार करत्याल, असं ह्यांनी म्हटलं. गोजाआत्याबी व्हय म्हनाली. तिचं नाव छापून तिला वाचता येनार हाय थोडंच?”

म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. मी आंब्याखालून परत यायच्या आत. जिचं पोर त्या डोहात गेलं तिनंसुद्धा. मला इतका संताप आला दादा, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. आधी तुझ्यावर काढला, म्हणून तर तुला चार दिवस पत्र नाही. आमच्यावर दया करायला यांना कुणी सांगितलं होतं, असं मनात आलं. त्या ‘आमच्यावर’मध्ये मी आणि नानासाहेब होतो, आणि ‘यांना’मध्ये आपली माणसं. हे लक्षात आलं तेव्हा मी तिथून उठले.

काल चाकणला गेले. घाटावर अडवल्याचा खटला उभा राहायला अडचण अशी होती की नानासाहेब नेमकं काय बोलले ते शब्दाला शब्द सांगणारा साक्षीदार नव्हता. ते हळू बोलले होते, फक्त माझ्याशी. मी फौजदारांना सगळं सांगितलं. कायमपणाचं आमिषही आणि त्यानंतर मी काय बोलले तेही. ते लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, “बाई, हे दुसरं वाक्य गाळू का? तुमचंच नाव खराब होतं.” मी म्हटलं, गाळलंत तर पहिलं खोटं वाटेल. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि लिहिलं. मी वाचलं आणि सही केली. वर्तमानपत्राला दुरुस्तीही पाठवली आहे. छापतील असं वाटत नाही.

संध्याकाळपर्यंत वाड्यावर कळलं होतं. आज सकाळी निरोप आला, जूनमध्ये शाळा उघडली की माझी जागा भरलेली असेल. निरोप आणणारा गडी ‘द्रुपदे’ म्हणाला. आत्या ओट्यावर होती. ती एवढंच म्हणाली, “आता दुपारच्याला मोकळीच हायेस की. पोरं हिथं आनून बसव.” ज्योतीराम कारखान्यातून फळा करायला लाकडी फळी आणणार आहे. गिरणीचा पट्टा अजून तुटलेलाच आहे.

सत्काराला मी येणार नाही. आत्यालाही नेऊ नकोस. ती म्हणते तिथं नदी आहे का, नसेल तर कशाला. शाल दुसऱ्या कुणाला तरी द्या. तू मात्र ये. भाषणासाठी नको, पत्रकं नकोत. दोन दिवस राहा, दळण दळ, आणि माझ्या तोंडावर मला काय बोलायचं ते बोल. पत्रातून समजूत घातलीस तर मी ते पत्र फोडणार नाही.

माघारी फिरलेली, पण तुझीच बहीण,
द्रुपदा भिमाजी