पाठमोरी खुर्ची

प्रिय टकळी,

तुझं पत्र गेल्या शुक्रवारी मिळालं. चार पानं, त्यातली तीन नुसत्या रडगाण्याची. फोन केला असता, पण फोनवर तू मुसमुसतेस, मी ओरडते आणि तुझं बाळ आपल्या दोघींच्या वरचा सूर लावतं, मग बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले. मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई. माझं अक्षर म्हणजे शाईत बुडवून सोडलेल्या मुंग्या. तेव्हा चष्मा लावून वाच आणि चुका काढत बसू नकोस. सकाळपासून तीनदा उठले आहे. एकदा दूध बघायला, एकदा दाराची कडी बघायला आणि एकदा कशाला, ते आता आठवतही नाही. आज बुड खुर्चीला टेकत नाही.

तू लिहिलं आहेस की येत्या सोमवारी नाटक त्या तुझ्या सहायकाच्या हवाली करणार. प्रयोग पाच आठवड्यांवर आलाय, आणि तालमीत तुझं निम्मं लक्ष बाळाकडे. ते रडत तर नसेल, त्याने दूध घेतलं असेल का, सांभाळणारी मुलगी मोबाइलमध्ये तोंड घालून तर बसली नसेल. समोर नट काय बोलला ते कळत नाही, परत बोल म्हणायची लाज वाटते. इथवर ठीक. पण शेवटी लिहिलंस की आजी, तू स्टेजकडे पाठ करून, डोळे मिटून, कान देऊन बसायचीस, तसं एकचित्त होणं माझ्याच्याने होत नाही, म्हणजे मी या कामाची नाही. ते वाचलं आणि पत्राची घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवली. दोन दिवस जाता-येता त्या डब्याकडे बघत होते, जसं काही आत विंचू ठेवलाय.

डोळे मिटून कोण बसत होतं गं? डोळे मिटले असते तर घोरायला लागले असते. दिवसभर इस्त्री करून आलेली बाई.

हे असं व्हायला मीच कारण आहे, हे मला ठाऊक आहे. तुझ्या तालमीच्या हॉलच्या दारावर तू माझं वाक्य रंगवून ठेवलंयस, ‘डोळ्याला फसवता येतं, कानाला नाही’. मागच्या वर्षी तुझ्या शिबिराला आले, तेव्हा तू वीस पोरांना स्टेजकडे पाठ करून बसवलं होतंस. एकाची मान अवघडली होती, तरी बिचारा हलत नव्हता. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण सगळे माझ्याकडे असे बघत होते की मी म्हटलं, असू दे. या वयात फुकटचा मान मिळाला तर कोण परत करतं.

आता पहिल्यापासून सांगते. मध्ये तोंड घालता येणार नाही, हा पत्राचा एक फायदा.

लॉन्ड्रीत आम्ही सत्तर-ऐंशी माणसं होतो. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी यायच्या, डोंगरच्या डोंगर. तुझे आजोबा बॉयलरवर, मी इस्त्रीच्या टेबलावर. काम सुटल्यावर कामगारांना लिहायला-वाचायला शिकवायला एक मास्तर यायचे. नाटकाचं खूळ त्यांचं. चादरी वाळवायची लांबलचक खोली होती, तिच्या एका टोकाला फळ्या टाकून त्यांनी स्टेज केलं. मी त्या नाटकात कोणी नव्हते. कडेला उभी राहून अडलेल्याला वाक्य सांगायचं, एवढंच माझं काम. तेही वाचून नाही. ऐकून ऐकून सगळ्यांची सगळी वाक्यं मला पाठ झाली होती. प्रयोगाला महिना राहिला आणि मास्तरांची बदली झाली. आता कोण बसवणार नाटक? सगळं नाटक जिच्या डोक्यात आहे, तिने. चादरी वाळत घालणारा लंबू, तो नाटकात भाऊ होता, म्हणाला की बाईच्या हाताखाली आपण काम करणार नाही. त्यावर आमच्यातलीच एक बाई, भोंगा, म्हणाली, घरी कोणाच्या हाताखाली असतोस मग? झालं, मी दिग्दर्शक.

मला काही येत नव्हतं. कोण कुठे उभं राहणार, हे मी इस्त्रीच्या टेबलावर उशांचे अभ्रे मांडून ठरवायचे. घडी घातलेला अभ्रा म्हणजे बसलेला माणूस, उलगडलेला म्हणजे उभा. मुकादमाला वाटायचं, बाई किती मन लावून काम करते.

भोंगा म्हणजे आमची चादरी मोजून घेणारी. तिने आकडा पुकारला की फाटकाबाहेरची कुत्री उठून बसायची. नाटकात ती बहीण होती. गोष्ट साधी. सगळ्यांनी मेला म्हणून सोडून दिलेला भाऊ बारा वर्षांनी दारात येतो. बहीण दार उघडते आणि म्हणते, “बस. पाणी देते.” तेवढंच. तिने त्याला ओळखलंय हे आपल्याला कळायला हवं आणि त्याला कळता कामा नये. भोंगा ते असं म्हणायची, जणू घराला आग लागलीय आणि पाणी घेऊन गावाने धावायचंय. तीन आठवडे मी तिच्यामागे लागले होते. टेबलावर, नळावर, घरी जाताना रस्त्यात. शेवटी ती म्हणाली, तूच घाल साडी आणि तूच दे त्याला पाणी.

तुझी आई तेव्हा दहा महिन्यांची होती. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांनाच कोणीतरी बघायला हवं. तुझे आजोबा आठपर्यंत बॉयलरवर. म्हणून मी तिला तालमीला आणायचे. चादरी वाहायची चाकांची गाडी असते ना, मोठ्या टोपलीसारखी, तिच्यात टॉवेल अंथरून तिला निजवायचे. गाडी मागच्या भिंतीशी आणि माझी खुर्ची पुढे, स्टेजकडे तोंड करून. नीट वाच, तोंड करून. तेव्हा मी चार माणसांसारखीच बसायचे.

त्या भिंतीवरून वाफेचा नळ जायचा. मशीन बंद झाली तरी पुढे तीन तास तापलेला असायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. मला जरा जास्तच, कारण ती वाफ माझा नवराच सोडायचा. पोरीला ऊब मिळावी म्हणून मी गाडी तिकडे ठेवायचे, नळापासून दोन हात लांब, आणि चाकाखाली लाकडाचा तुकडा. त्या दिवशी लाकूड लावायचं विसरले. डोक्यात ते एक वाक्य फिरत होतं.

आणि त्याच दिवशी भोंगाला ते जमलं. कसं, तिलाही सांगता आलं नाही कधी. तिने दार उघडलं, लंबूकडे बघितलंच नाही, त्याच्या चपलांकडे बघितलं आणि इतकं हळू म्हणाली की कडेला उभ्या असलेल्यांनी श्वास धरला. बस. पाणी देते. मी खुर्चीवरून पुढे झुकले होते, हे मला आठवतं, कारण पडता पडता राहिले. पुढचं वाक्य लंबूचं. तो बोलला नाही, मीही सांगितलं नाही. अख्खी खोली गप्प होती. त्या गप्पपणात मागून किंकाळी आली.

तुझ्या आईच्या डाव्या तळहातावरची ती गुळगुळीत, चकाकणारी कातडी तू लहानपणी बोटाने चाचपायचीस. गरम दुधाचं पातेलं लागलं, असं तुला सांगितलंय, तिलाही तेच सांगितलं होतं. पातेलं वगैरे काही नाही. गाडी हलत हलत भिंतीला लागली आणि ती नळाला धरून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा. तोवर तिला उभं राहता येत नव्हतं. पोर पहिल्यांदा आपल्या पायांवर उभं राहिलं ते मी बघितलं नाही, कारण मी नाटक बघत होते. एकचित्त झाले होते. तुला जे हवंय ना, ते मला एकदाच मिळालं, मिनिट-दोन मिनिटं.

पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर मी बसले होते. आत पट्टी बांधत होते, ती ओरडत होती आणि तुझे आजोबा दाराला कपाळ लावून उभे होते. मी रडत होते, नाही असं नाही. पण रडता रडता माझ्या डोक्यात चाललं होतं, की भोंगाने चपलांकडे बघितलं म्हणून आवाज खाली आला, उद्या तिला तेच करायला सांगायचं, पण मुद्दाम सांगितलं तर बिघडेल. असं चाललं होतं डोक्यात. आता मला काय म्हणायचं ते म्हण. माझं स्वतःला सगळं म्हणून झालंय.

दुसऱ्या दिवशी तालमीला जायचं नाही, असं ठरवलं होतं. काम सुटल्यावर मी खोलीत डोकावले ती नुसतं सांगायला, की आता तुम्ही तुमचं बघा. तर नळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत जुन्या घोंगड्या गुंडाळून दोरीने आवळलेल्या. चादरींची गाडी मागे, खोलीच्या मधोमध, चारही चाकांना लाकडं. आणि माझी खुर्ची फिरवलेली. पाठ स्टेजकडे, तोंड गाडीकडे. तुझ्या आजोबांनी पहाटे कोणी यायच्या आत हे सगळं करून ठेवलं होतं. नाटक सोड म्हणाले नाहीत, कर म्हणाले नाहीत. मी जाऊन त्या खुर्चीत बसले आणि म्हटलं, चला, पहिल्यापासून.

आता कळलं तुझ्या शिबिरातली पोरं कशासाठी मान अवघडून घेतात ते.

वर्तमानपत्रवाला तिसऱ्या नाटकाच्या वेळी आला. बाई अशा उलट्या का बसता, म्हणाला. मी त्याला काय पोळलेला हात दाखवणार होते? तोंडाला आलं ते ठोकून दिलं, डोळ्याला फसवता येतं, कानाला नाही. त्याने छापलं, लोकांना ते खरं वाटलं. गंमत म्हणजे पुढे पुढे ते थोडंफार खरंही झालं. कोणाचा भार कुठल्या पायावर आहे, हे मला फळीच्या आवाजावरून कळायला लागलं. तुझी आई शाळेत जायला लागल्यावर मी एकदा खुर्ची सरळ करून बघितली. काही म्हणता काही दिसेना, नुसती माणसं उभी. परत फिरवली. बावीस वर्षं, सतरा नाटकं, सगळी अशी. एक कान मागे, डोळे पोरीवर, ती मोठी झाल्यावर दाराकडे, जीव दोन्हीकडून टांगलेला. एक दिवस असा गेला नाही की मी धड इथे होते किंवा धड तिथे. तू निम्म्या लक्षाचं लिहिलंस. माझं तर निम्मंसुद्धा नव्हतं.

गेल्या रविवारी तुझी आई आली होती. मटार सोलत बसलो होतो. तुझं पत्र तिला वाचायला दिलं आणि मग नळाचं सांगून टाकलं. चव्वेचाळीस वर्षांनी. वाटलं, उठून जाईल. तिने पाच-सहा शेंगा सोलल्या. तिला नाटकाचा किती राग आहे तुला माहीत आहे, तुझ्याही प्रयोगाला ती डोकं दुखतंय म्हणून येत नाही. मग खाली मान घालूनच म्हणाली, “नाटक तरी बरं झालं का?”

मी म्हटलं, चांगलं झालं.

मग ती बोलायला लागली. म्हणाली, मला ती नाटकं आठवत नाहीत, तुझं तोंड आठवतं. भोंगामावशी चुकली की तुझं नाक वर जायचं. लंबूकाका आला की तू ओठ चावायचीस. स्टेजवर काय चाललंय ते मला तिकडे न बघता कळायचं. इतकी वर्षं मी समजत होते की मी तिच्यावर नजर ठेवून आहे. तीच माझ्यावर ठेवून होती. सोललेले मटार मी सालांच्या ढिगात टाकले, ते दोघींनी परत वेचले.

तर आता कामाचं. हे सगळं तुला रडवायला लिहिलेलं नाही, आणि नाटक कर किंवा सोड, हे सांगायलाही नाही. तुझं बाळ आठ महिन्यांचं झालं, म्हणजे कशाला तरी धरून उभं राहायला बघत असेल. ते कोणीतरी बघायला हवं, आणि ते तू बघू नयेस. मी शनिवारच्या दुपारच्या बसने येते आहे. तिकीट तुझ्या आईने काढलंय, मी तिला सांगितलं नव्हतं. पाच आठवडे राहीन. माझ्या गोळ्या, उशी आणि दाताचा डबा बरोबर आहे, तुला काही करायचं नाही. सोमवारी त्या सहायकाला काही देऊ नकोस. तालमीच्या खोलीत एक खुर्ची मागच्या बाजूला फिरवून ठेव, हात असलेली, माझे गुडघे आता उठू देत नाहीत. बाळाला माझ्यासमोर सतरंजीवर सोड. तुझ्या नटांचं काही चुकलं तर माझं नाक वर जाईल, पण ते बाळाला दिसेल, तुला दिसणार नाही. तू मागे वळून बघायचं नाही. तुझी खुर्ची सरळ ठेव.

तुझीच पाठमोरी,
आजी