चाईच्या गोळ्या

१४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. सहामाहीचे पेपर तपासून मान मोडली आहे. नवा फ्रिज दिवसभर घरघरतो. हे म्हणतात, तेवढीच सोबत.

भावोजींशी अजून अबोला आहे का? त्यांनी गोळ्यांची बाटली उन्हात ठेवली, म्हणून औषध बाद झालं आणि तुझी चाई उलटली, पुन्हा केस गळाले, असं तू परवा म्हणालीस. मी नुसतं हं हं केलं.

आपल्या दोघींचं शरीर आपल्याच केसांच्या मुळावर उठलेलं, म्हणून आपण बरोबरच नव्या औषधाच्या चाचणीत नाव घातलं. डॉक्टर म्हणाले होते, "निम्म्यांना औषध, निम्म्यांना पिठाची गोळी. कुणाला काय, ते आम्हालाही ठाऊक नाही." मला ते कधी पटलंच नाही. नर्स तुझ्याशी हसून बोलायची, माझ्या हातावर नुसती बाटली टेकवायची. मन चिंती ते वैरी न चिंती! तिसऱ्या महिन्यात तुझ्या भुवया उगवल्या, माझे चट्टे तळहाताएवढे झाले. तू म्हणालीस, "धीर धर गं, येतील." तुझं काय जात होतं म्हणायला? तूच वशिला लावलास, असं माझ्या मनाने घेतलं. फार राग आला तुझा, ताई.

पुढच्या तीन महिन्यांच्या बाटल्या मिळाल्या, तेव्हा मी तुझ्याकडे राहिले होते. सकाळी तू अंघोळीला गेलीस. मी दोन्ही बाटल्या वाट्यांत ओतल्या. तुझ्या गोळ्या माझ्या बाटलीत भरल्या, माझ्या तुझ्या बाटलीत. दिसायला सारख्याच. भावोजी बाहेर पेपर वाचत होते, त्यांना काहीच कळलं नाही.

आता माझ्या चट्ट्यांवर केस आलेत. वर्गातल्या मुली म्हणतात, "बाई, छान दिसता." मला आरशात बघवत नाही.

औषध लागू पडत नाही म्हणून तुला चाचणीतून काढणार, हे तू सांगितलंस तेव्हा मात्र राहवलं नाही. आज डॉक्टरांना सगळं सांगून आले. म्हटलं, "मला काढा, तिचं औषध तिला द्या." ते म्हणाले, "दोघींच्याही नोंदी आता खोट्या. दोघींनाही थांबावं लागेल." आणि हे औषध बाहेर कुठे मिळत नाही. सोमवारी ते तुला फोन करतील. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं.

भावोजींशी बोल. त्यांचा काही दोष नाही.

तुझे केस डोक्यावर घेऊन फिरणारी,
धाकटी