रविवारचा शर्ट

लोरेय, प्रजासत्ताकाचे वर्ष दुसरे, फुलांचा महिना, ता. ४

ती. ब्लेझदादास पेरिनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईचे गुडघे दुखतात, तोंड मात्र ठणठणीत आहे. अजून दर रविवारी ती त्या फरारी पाद्र्याला मागच्या दाराने घरात घेते. मी ओरडले, तर म्हणाली, देवाला तुमचं नवं कॅलेंडर वाचता येत नाही.

आता बसून वाच. गावात एक धारवाला आलाय. सगळं गाव नव्या कॅलेंडरप्रमाणे दर दहाव्या दिवशी सुट्टी घेतं, धुतलेले कपडे घालतं. हा मात्र माझ्याकडे धुवायला टाकलेला शर्ट मागतो तो शनिवारी संध्याकाळी. काल वाऱ्याने त्याची टोपी उडाली. डाव्या कानाला पाळीच नाही. दादा, ती बाबांनी चावून तोडली होती. हा जहागिरीचा कारभारी बोस्केल आहे.

काय करू? लगेच कळव. लोभ आहेच, तो असू दे.

तुझी
पेरिन


पॅरिस, ता. १०

चि. पेरिनला अनेक आशीर्वाद.

काय करू म्हणून विचारतेस? पावासाठी दंगल केली म्हणून त्याने बाबांना भर बाजारात फासावर चढवलं आणि आईला पहिल्या रांगेत उभं केलं. तिने डोळे मिटले की शिपाई काठी टोचायचा. तू तिच्या झग्यात तोंड खुपसून होतीस. मी सगळं पाहिलं. एकोणीस वर्षं पाहतोय.

गावच्या क्रांतिसमितीला कानाचं सांगू नकोस, कान कुणाचाही तुटतो. शर्टाचं सांग. रविवार पाळतो म्हणजे राजाचा माणूस, त्यांना एवढं पुरतं. मग तो इकडेच येईल. इथल्या गिलोटिनच्या चौथऱ्याच्या फळ्या मीच ठोकतो. त्याच्यासाठी एक खिळा वाकडा जाऊ देणार नाही.

आईला नमस्कार. बातमी तू सांगू नकोस, मी आल्यावर सांगेन.

तुझा
ब्लेझ


लोरेय, ता. २६

ती. दादास सा. न.

शर्टाचं सांगितलं. त्याच दुपारी त्याला धरलं. बाजारातून नेताना मी त्याच्या तोंडावर थुंकले. फार बरं वाटलं.

समितीने त्याला विचारलं, आणखी कोण रविवार पाळतं? तो हसला आणि त्याने आमच्या दाराकडे बोट दाखवलं. सुऱ्यांना धार लावता लावता त्याने सगळं पाहून ठेवलं होतं. पाद्री निसटला, त्याचा झगा माळ्यावर सापडला. आईने नाकारलं नाही. दादा, पाद्र्याचं आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

काल दोघांना एकाच गाडीतून तुमच्याकडे पाठवलं. आई रडली नाही. म्हणाली, ब्लेझची तिथे ओळख असेल. त्याला सांग, आधी बोस्केल, मग मी. आणि मला पुढे उभं करा, नीट दिसेल असं.

तिने रविवारची टोपी घातली आहे. ओळखशील.

पेरिन


पॅरिस, कुरणांचा महिना, ता. ३

चि. पेरिन,

ती म्हणाली तसं झालं. मी पायरीशी उभा होतो. तिने मला पाहिलं, पण ओळख दाखवली नाही.

फळीसमोर आल्यावर बोस्केलने डोळे मिटले. आईचे हात मागे बांधलेले होते. तिने त्याला कोपर टोचलं.

ब्लेझ